नायट्रोजन की आरगॉन? जमिनीच्या पोटात कोण टिकतं

बेळगाव परिसरातल्या खाणीतला काळा दगड हातात घेऊन बघा. बारीक पोकळ्या दिसतात, काहींत पांढरं खनिज भरलेलं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजताना वायूंनी सोडलेल्या या जागा. बहुतेक वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. आपले दोघे, नायट्रोजन आणि आरगॉन, त्यात चिमूटभरच.

आरगॉन सरळमार्गी. कुणाशी रासायनिक सोयरीक नाही. खडक वितळला की रसात, रस वर आला की हवेत. हवेतला 99 टक्क्यांहून जास्त आरगॉन खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशियम-40 पासून बनलेला; या पोटॅशियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं सरायला लागणारा काळ, सुमारे 125 कोटी वर्षं. थिजलेल्या दगडात मात्र तो साठत राहतो, म्हणून तर खडीच्या ढिगातल्या या दगडाचंही वय काढता येतं.

नायट्रोजन बेरकी! हवेत 78 टक्के, तिथे अगदी निवांत, कुणाशी फारसा संयोग नाही. पण समुद्रतळाच्या गाळात अमोनियम होऊन तो अभ्रकासारख्या खनिजांत पोटॅशियमची जागा बळकावतो आणि पृथ्वीच्या पोटात बुडणाऱ्या भूपट्टाबरोबर (कवचाच्या तुकड्याबरोबर) पुन्हा खाली जातो. खोलवर, जिथे ऑक्सिजन कमी, तिथे वितळलेल्या लोखंडातही विरघळतो. त्यामुळे पृथ्वीचा हिशेब मांडताना हाच जास्त छळतो.

पृथ्वीच्या पोटातून बाहेर काय आलं हे विचारायचं तर माझं मत आरगॉनसारख्या, कुणाशी न जुळणाऱ्या निष्क्रिय वायूंना, त्यातही हेलियमला. दख्खनच्या लाव्ह्याशी ज्याचं नातं जोडतात त्या हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाच्या खडकांत हेलियम-3 आणि हेलियम-4 यांचं गुणोत्तर हवेच्या दहा पटींहून जास्त भरतं. हेलियम-3 हा पृथ्वी घडतानाचा साठा, अजून झिरपतोय.