मुद्रांक कायदा की चहा कायदा? अमेरिकेतलं बंड समजावताना कोणता निवडावा

अमेरिकेतल्या तेरा वसाहती ब्रिटिश पार्लमेंटवर का उलटल्या, हे एका तासिकेत किंवा तासाभराच्या व्याख्यानात सांगायचं असेल, तर कायद्यांची सगळी माळ ओवून चालत नाही. साखर, मुद्रांक, टाउनशेंडचे कर, चहा, बंदरबंदी असं ओळीनं सांगत गेलं की ऐकणाऱ्याकडे नावं उरतात, कारण उरत नाही. त्यापेक्षा एक कायदा घ्यावा आणि तो तळापर्यंत उलगडावा. निवड अखेर दोघांत होते: १७६५ चा मुद्रांक कायदा आणि १७७३ चा चहा कायदा. माझा कल मुद्रांकाकडे आहे. चहाची बाजू लंगडी आहे असं मी म्हणणार नाही, आणि एका विशिष्ट हेतूसाठी तोच घ्यावा असंही मला वाटतं.

आधी चहा, कारण बहुतेकांचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो, आणि ते साहजिक आहे. १६ डिसेंबर १७७३ ची रात्र, बॉस्टनच्या धक्क्याला लागलेली डार्टमथ, एलिनॉर आणि बीव्हर ही तीन जहाजं, पाण्यात गेलेल्या ३४० च्या आसपास पेट्या, सुमारे ९२,००० पौंड वजनाचा म्हणजे जवळपास ४२ टन चहा, कंपनीनं सांगितलेलं नुकसान ९,६५९ पौंड. एवढं नाट्य मुद्रांकाच्या कागदात नाही. शिवाय मराठी श्रोत्यासाठी इथे एक खरा धागा आहे. माल ईस्ट इंडिया कंपनीचा होता. कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आलेली, गोदामांत १ कोटी ७० लाख पौंड वजनाच्या घरात चहा पडून. तिला वाचवण्यासाठी पार्लमेंटनं एकाच अधिवेशनात तीन गोष्टी केल्या: १४ लाख पौंडांचं कर्ज, चहा कायदा आणि रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट. या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टनं मुंबईकर इंग्रजांच्या युद्ध-तहाच्या अधिकारावर कलकत्त्याची देखरेख आली. म्हणून तर राघोबादादांशी मुंबईनं १७७५ मध्ये केलेला सुरतेचा तह कलकत्त्यानं अमान्य केला आणि पुढच्या वर्षी पुरंदरचा तह झाला. नारायणराव पेशव्यांचा खून आणि बॉस्टनचा चहा एकाच सालातले आहेत, हे सांगितलं की मागच्या बाकावरचे विद्यार्थीही मान वर करतात.

पण चहा निवडला की एक प्रश्न हमखास येतो, आणि माझ्यापुरता निकाल त्यानंच लावला: “कायद्यानं चहा स्वस्त झाला ना? मग लोक चिडले कशाला?”

प्रश्न अगदी रास्त आहे. चहा कायद्यानं नवा कर लावलाच नव्हता. कंपनीचा चहा ब्रिटनमध्ये उतरताना लागणारी जकात अमेरिकेला पाठवताना पूर्ण परत मिळणार होती, आणि लंडनच्या लिलावात न विकता तो थेट वसाहतींत पाठवायची मुभा मिळाली होती. मधले दलाल गळले आणि भाव तस्करीच्या डच चहाशी टक्कर देईल इतका उतरला. मग राग कशाचा, हे सांगायला चार पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली, पौंडामागे ३ पेन्सचा कर १७६७ च्या टाउनशेंड कायद्यापासूनच होता. काच, शिसं, कागद, रंग यांवरचे कर १७७० मध्ये काढले. चहावरचा मुद्दाम ठेवला, तो पार्लमेंटचा कर लावण्याचा हक्क शाबूत दिसावा म्हणून. दुसरी, स्वस्त चहा विकत घेणं म्हणजे तो हक्क गुपचूप मान्य करणं. तिसरी, माल फक्त कंपनीनं नेमलेल्या अडत्यांकडे येणार होता. बाकी व्यापारी आणि तस्कर दोघंही बाहेर, आणि बॉस्टनच्या अडत्यांत खुद्द मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा, म्हणजे बॉस्टन जिथे आहे तिथला, गव्हर्नर हचिन्सन याचे दोन मुलगे. चौथी पायरी जकातीच्या नियमाची: जहाज बंदरात दाखल झालं की २० दिवसांत जकात भरायची, नाहीतर माल जप्त.

ही चौथी पायरी वगळून चालत नाही, कारण चहा बॉस्टनलाच का बुडाला याचं उत्तर तिच्यात आहे. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि चार्ल्सटनच्या अडत्यांनी काम सोडलं. फिलाडेल्फियाकडे येणारं पॉली हे जहाज जकात कचेरीत नोंद होण्याआधीच नदीतून परत फिरवलं. चार्ल्सटनला मुदत संपल्यावर जकात खात्यानं चहा उतरवून तळघरात ठेवला, आणि तो तिथेच पडून राहिला. बॉस्टनचे अडते हटले नाहीत, गव्हर्नरनं जकात भरल्याशिवाय जहाजांना परत जाऊ दिलं नाही, आणि २८ नोव्हेंबरला आलेल्या डार्टमथची मुदत १७ डिसेंबरला संपत होती. आदल्या रात्री पेट्या पाण्यात गेल्या.

एवढं सगळं सांगेपर्यंत तासिका संपत आलेली असते. ऐकणाऱ्यांतला हुशार माणूस पटलेला असतो. बाकीच्यांना हा हिशेबाचा गुंता वाटतो. त्यात आणखी एक खुलासा गळ्यात पडतो. तो चहा चीनचा होता, आसामचा नव्हे. आसामात चहाची लागवड १८३० च्या दशकात सुरू झाली. आपल्याकडे हा गैरसमज इतका घट्ट बसलेला आहे की तो दूर केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

मुद्रांक कायद्याचं तसं नाही. कोणता कागद, किती पैसे, कोणाला भरायचे, एवढं सांगितलं की राग कुठून आला ते समोर दिसतं. भाडेकरार आणि प्रतिज्ञापत्र करताना ज्यानं मुद्रांक विकत घेतला आहे, त्याला यंत्रणा समजावून सांगायची गरजच नसते. दरपत्रक हातात द्या: वकिलीच्या सनदेला १० पौंड, महाविद्यालयाच्या पदवीपत्राला २ पौंड, दारूविक्रीच्या परवान्याला प्रकारानुसार १ ते ४ पौंड, वर्तमानपत्रातल्या प्रत्येक जाहिरातीला २ शिलिंग, पत्त्यांच्या जोडाला १ शिलिंग, फाशांच्या जोडीला १० शिलिंग, वर्तमानपत्राच्या प्रतीला आकारानुसार अर्धा किंवा १ पेनी. मजकूर इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत असेल तर दस्तावर दुप्पट. पेन्सिल्व्हेनियात जर्मन छापखाने चालत होते, त्यांच्या दृष्टीनं हे वाचून बघावं.

या यादीतच स्फोट दडलेला आहे. वकील, मुद्रक, गुत्तेवाले, व्यापारी आणि बंदरातले खलाशी: ज्यांना लिहिता येतं, बोलता येतं आणि माणसं जमवता येतात, अशा सगळ्यांना पंतप्रधान ग्रेनव्हिलनं एकाच तारखेला, १ नोव्हेंबर १७६५ ला, करदाते केलं. पैसे ब्रिटिश चलनाच्या हिशेबानं भरायचे, आणि वसाहतींत नाण्यांची टंचाई. त्यात १७६४ च्या चलन कायद्यानं वसाहतींच्या कागदी नोटांवर आणखी निर्बंध आलेले. कायदा मोडला तर खटला ज्यूरी नसलेल्या सागरी न्यायालयातही चालवता येई. अपेक्षित वसुली वर्षाला ६०,००० पौंड होती. फ्रान्सशी झालेल्या, १७६३ मध्ये संपलेल्या सात वर्षांच्या युद्धानंतरचं ब्रिटनचं कर्ज १३ कोटी पौंडांच्या आसपास होतं, तेव्हा ही रक्कम किरकोळच म्हणायची.

कायदा कसा कोलमडला, हेही नेमकं दाखवता येतं. कागदावर छाप लंडनमध्येच उठवायचा, गठ्ठे जहाजानं पाठवायचे आणि साधारणपणे दर वसाहतीत एका वितरकानं ते विकायचे. लोकांचा रोष कमी व्हावा म्हणून वितरक स्थानिक, प्रतिष्ठित माणसांतून नेमले. पेन्सिल्व्हेनियासाठी तर लंडनमध्ये त्याच वसाहतीची बाजू मांडणाऱ्या खुद्द बेंजामिन फ्रँकलिननं आपल्या मित्राचं, जॉन ह्यूजचं, नाव सुचवलं. हीच योजना उलटली. स्थानिक माणसाचं घर सगळ्यांना ठाऊक असतं. १४ ऑगस्ट १७६५ ला बॉस्टनमध्ये तिथला वितरक अँड्र्यू ऑलिव्हर याचा पुतळा एल्मच्या झाडाला टांगला, मुद्रांक कचेरी समजून त्याची एक इमारत पाडली, आणि काही दिवसांत त्यानं पद सोडलं. मग एकेका वसाहतीत तेच. १ नोव्हेंबर उजाडला तेव्हा कागद आलेला होता, पण वाटायला माणूस नव्हता. जॉर्जियात नंतर थोडे दिवस विक्री झाली, तेवढीच.

माणूस नाही म्हणून मुद्रांक नाही, मुद्रांक नाही म्हणून न्यायालयं थंडावली. न्यायालय बंद म्हणजे लंडनच्या सावकारांना अमेरिकेतल्या थकबाकीदारांवर दावा लावता येईना. न्यूयॉर्कच्या २०० हून अधिक व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल मागवणं थांबवलं. आता ब्रिटनमधलेच व्यापारी पार्लमेंटला अर्ज करू लागले, आणि पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात २७५ विरुद्ध १६७ मतांनी कायदा रद्द करण्याचा ठराव झाला. कायदा १८ मार्च १७६६ ला गेला.

शिकवताना दोन ठिकाणी घसरायला होतं. “कर फार जड होता” असं म्हणू नका. ब्रिटनमधले लोक असा मुद्रांक १६९४ पासून भरत होते. हाच कायदा कॅरिबियन बेटांवरच्या जमैका आणि बार्बाडोस या वसाहतींनाही लागू होता, आणि तिथल्या लोकांनी कर बहुतेक भरला. सेंट किट्स आणि नेव्हिसमध्ये मात्र दंगे झाले. जमैका-बार्बाडोसमध्ये साखरमळ्यांचे गोरे मालक संख्येनं थोडे, भोवती गुलाम केलेल्या लोकांची मोठी वस्ती, म्हणून ब्रिटिश सैन्याची गरज त्यांना रोजची होती. कर सारखाच असून परिणाम वेगळा, अशी तुलना चहा कायद्यात इतक्या सहज हाती येत नाही. दुसरी घसरण घोषणेची. “प्रतिनिधित्वाविना कर नाही” म्हणजे त्यांना लंडनमध्ये खासदार हवे होते, असं विद्यार्थी लिहितात. ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे २७ प्रतिनिधी जमले, त्यांच्या ठरावात उलटच आहे: अंतरामुळे तिथे आपलं प्रतिनिधित्व होऊच शकत नाही, म्हणून कर आमच्याच विधिमंडळांनी लावावा.

मुद्रांकाची खरी उणीव एकच आणि ती मोठी आहे: कायदा रद्द झाला, लोकांनी आनंद साजरा केला आणि स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली ती थेट १९ एप्रिल १७७५ ला. मधली नऊ वर्षं भरून काढावी लागतात. तुमचा विषय “निषेधाचं युद्ध कसं झालं” असा असेल, तर चहाच घ्या. पण मग भर कायद्यावर देऊ नका, त्यानंतरच्या शिक्षेवर द्या. चहा बुडवणं सगळ्या वसाहतींना पटलं नव्हतं, फ्रँकलिन तर भरपाई द्यावी असं म्हणत होता. १ जून १७७४ पासून बॉस्टनचं बंदर बंद झालं, मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली गेली, तेव्हा मात्र जॉर्जिया सोडून बारा वसाहती सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला एकत्र बसल्या. यासाठी दोन तासिका लागतात. एकात कोंबू नये.

एकच तासिका असेल तर मी असं सुचवेन. पहिली दहा मिनिटं दरपत्रक: वर्गाचे गट करून एकाला मुद्रक, एकाला वकील, एकाला गुत्तेवाला आणि एकाला जहाजमालक करा आणि महिन्याचा खर्च काढायला लावा. १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगचा पौंड हे फळ्यावर आधीच लिहून ठेवा, नाहीतर सगळा वेळ त्यात जातो. पुढची वीस मिनिटं वितरक हटल्यावर काय काय अडतं ते त्याच गटांकडून वदवून घ्या. शेवटच्या दहा मिनिटांत, कायदा रद्द झाला तो दिवस सांगून थांबू नका. त्याच १८ मार्चला पार्लमेंटनं डिक्लरेटरी अ‍ॅक्टही मंजूर केला. वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधणारे कायदे करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं. ते वाक्य वाचून दाखवा आणि १७६७ चा चहावरचा ३ पेन्सचा कर त्याखाली लिहा.