कर्कचं जहाज की पिकार्डचं?

पुतण्याला या पावसाळ्यात 'स्टार ट्रेक' ही अंतराळातल्या जहाजाची अमेरिकन मालिका उरकायची आहे. "काका, एकच सांगा. जुनी बघू की नेक्स्ट जनरेशन?" मी दोन्ही बघितल्या आहेत. जुनी तर दूरदर्शनवर, रविवारी सकाळी, आंघोळीला टाळाटाळ करत. त्यामुळे माझा काटा अगदी सरळ आहे असं समजू नका.

वेळेचंच बघायचं तर जुनी, म्हणजे कॅप्टन कर्कची, १९६६ ते ६९, भाग ७९. नंतरची, म्हणजे कॅप्टन पिकार्डची नेक्स्ट जनरेशन, १९८७ ते ९४, भाग १७८. एका पावसाळ्यात कोणती बसते हे उघड आहे, पण तेवढ्यावर ठरवू नये.

जुनीचा खिसा फाटका होता. दर आठवड्याला नव्या ग्रहावर जहाज उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून माणसं चमचम करत खाली पाठवायची युक्ती निघाली. डॉक्टर मॅकॉयची शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणजे चक्क मीठदाण्या. अनोळखी ग्रहावर कोण उतरतं? कॅप्टन, त्याचा उपकप्तान स्पॉक आणि जहाजाचा डॉक्टर. घाटात एसटी थांबवून ड्रायव्हर, कंडक्टर आणि डेपो मॅनेजर तिघांनी दरी बघायला उतरावं, तसं. सोबत लाल शर्टातला एखादा बिचारा असतो, त्याचं नाव लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नये.

तिसरा सीझन मात्र जपून. त्याच्या पहिल्याच भागात स्पॉकचा मेंदू चोरीला जातो. उरलेल्या स्पॉकला रिमोटवर चालवत नेतात, आणि शेवटी ऑपरेशन चालू असताना रोगीच डॉक्टरला पुढे काय जोडायचं ते सांगतो. हे सगळं गंभीर चेहऱ्याने. मी दोनदा बघितलाय.

नेक्स्ट जनरेशन सगळ्याच बाबतींत शहाणी. पहिले दोन सीझन ढकलावे लागतात, पण तिसऱ्यापासून गाडी रुळावर येते. 'इनर लाइट' नावाच्या भागात पिकार्ड पंचवीसेक मिनिटांत एक अख्खा जन्म जगून येतो, आणि हातात उरते ती एक बासरी. तो भाग संपल्यावर मी भांडी घासायला उठलो. भांडी घासून झालेली होती. असं जुनीने मला कधी उठवलं नाही, हे कबूल करायला हवं.

मग अडलं कुठे? मीटिंगपाशी.

समोर शत्रूचं जहाज तोफा रोखून उभं आहे, आणि पिकार्ड म्हणतो, चला, बसू या. मग ते लांब टेबल, मागे खिडकीत तारे. उपकप्तान रायकर खुर्चीच्या पाठीवरून जेन्ट्स सायकलवर टाकावी तशी टांग टाकून बसतो. इंजिनिअर जॉर्डी कसल्याशा किरणांची दिशा उलटवू म्हणतो. डेटा नावाचा यंत्रमानव त्यातल्या अडचणी सांगतो. डॉक्टरांचं एक वाक्य, सुरक्षाप्रमुख वर्फचं 'हल्ला करू' हे एक वाक्य, ते कोणीच मनावर घेत नाही. दुसऱ्यांच्या मनातलं ओळखणाऱ्या ट्रॉयला जाणवतं की समोरचे काहीतरी लपवतायत. पिकार्ड अंगरखा खाली ओढून उठतो. ठराव मंजूर.

नेक्स्ट जनरेशन बघत होतो त्या वर्षी मी ऑफिसातून घरी यायचो तो तिमाही आढाव्याच्या मीटिंगमधून. चपला काढायच्या, चहा घ्यायचा, टीव्ही लावायचा, आणि परत मीटिंग! एकदा तर बायको आतून म्हणाली, "अजून तुमचं कॉलवरच चाललंय का?" त्यानंतर माझं मन उडालं ते उडालंच. तुम्ही शेतीत असाल किंवा तुमचं स्वतःचं दुकान असेल तर कदाचित ते टेबल खुपणारही नाही. उलट माणसं एकमेकांचं ऐकून घेतात हे बघून बरंही वाटेल.

कर्कच्या जहाजावर ही भानगड कमी. स्पॉक आणि मॅकॉय त्याच्या खुर्चीच्या दोन बाजूंना उभे राहून लग्नातल्या विहिणींसारखे भांडतात, कर्क दोघांचं ऐकतो आणि तिसरंच करतो. निर्णय बऱ्याचदा चुकतो, शर्ट फाटतो, पण पन्नास मिनिटांत माणूस मोकळा.

पुतण्याला मी एवढंच सांगितलं की आधी १९६७ सालचा ट्रिबल्सचा भाग लाव, मग ठरव. कर्क धान्याच्या कोठाराचं झाकण उघडतो आणि ते केसाळ गोळे धबाधबा त्याच्या डोक्यावर कोसळतात. किती असतील? स्पॉक जागेवर उभ्या उभ्या आकडा सांगतो, १७,७१,५६१. वर हिशेबही देतो: सुरुवातीला एक, दर वेताला सरासरी दहा पिल्लं, दर बारा तासांनी नवी पिढी, तीन दिवस. टेबल नाही, खुर्च्या नाहीत. कर्क छातीपर्यंत गोळ्यांत रुतून ऐकतोय, आणि वरून एकेक ट्रिबल टपकन त्याच्या डोक्यावर पडतेच आहे.