धरमपेठेतील बालवाचनालयाचा रविवारचा वाचन-तास

नागपूरच्या धरमपेठेतील एका छोट्या बालवाचनालयात दर रविवारी सकाळी मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या जातात आणि त्यासाठी नेहमीच्या वर्गणीखेरीज वेगळे शुल्क द्यावे लागत नाही. माझी सहा वर्षांची मुलगी तेथे नियमित जाते. मीही मागे बसून ऐकते. पाठ केलेली गोष्ट हातवारे करून सांगणारे कार्यक्रम शहरात पुष्कळ होतात, येथे मात्र पुस्तक शेवटपर्यंत मुलांच्या डोळ्यांसमोर उघडे असते.

वाचणाऱ्या ताई ओळीखालून बोट फिरवत, जोडाक्षरापाशी किंचित थांबत वाचतात. त्यामुळे अक्षरओळख पक्की नसलेल्या मुलालाही मजकूर डावीकडून उजवीकडे जातो आणि कानावर पडणारा शब्द त्या खुणांमधूनच येतो, हे आपसूक उमगते. मध्येच त्या ‘आता हा काय करेल?’ असे विचारतात आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ देतात. एकदा चित्र पाहून एक मुलगा म्हणाला, ‘ताई, हे तं कायं मांजर हाये!’ ताईंनी त्याला टोकले नाही; ‘हो, अगदी काळं आहे,’ असे म्हणत त्यांनी नेमक्या त्या शब्दावर बोट ठेवले आणि पुढे वाचू लागल्या. घरी वऱ्हाडी वळणाची बोली आणि रस्त्यावर हिंदी ऐकत वाढणाऱ्या नागपूरच्या मुलांना पुस्तकातील मराठी परकी वाटू शकते. ती आधी कानांच्या ओळखीची झाली, तर पुढे स्वतः वाचताना अडखळणे कमी होते.

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, हे २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे, तर अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच तान्ह्या वयापासून वाचून दाखवण्याची शिफारस केली होती. म्हणून तीन वर्षांच्या मुलांनाही येथे प्रवेश आहे, हे योग्यच. परंतु त्यांना आठ-नऊ वर्षांच्या मुलांसोबत बसवल्याने धाकटी चुळबुळतात आणि मोठी कंटाळतात. दोन गट करायला हवेत.

त्याहून खटकते ते हे की, वाचलेले पुस्तक त्या दिवशी घरी नेता येत नाही, कारण बहुतेक पुस्तकांची एकच प्रत आहे. मुलांना आवडलेली गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असते आणि नवे शब्द अशाच फेरवाचनात मुरतात. व्यवस्थापनाने आणखी दोन-तीन प्रती घ्याव्यात. त्यासाठी वर्गणी थोडी वाढली तरी मी ती आनंदाने देईन.