एमबीएचे अर्ज कोणत्या फेरीत पाठवायचे हे ठरवण्यासाठी गूगल शीट्स : एका पूर्ण हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

परदेशातील बिझनेस स्कूल वर्षभरात ठरावीक मुदतींच्या दोन-तीन फेऱ्यांमध्ये अर्ज घेतात. कोणता अर्ज कोणत्या फेरीत पाठवायचा, हे ठरवण्यासाठी मी गूगल शीट्समध्ये एक तक्ता तयार केला होता. जीमॅट या प्रवेश परीक्षेच्या तयारीपासून शेवटच्या शाळेचा निकाल लागेपर्यंत तो सतत वापरात राहिला. अशा कामासाठी तयार ॲप मिळतात आणि सल्लागारही आपापली वेळापत्रके देतात. मी साधी शीट निवडली, कारण शाळेची मुदत, शाळेचे नियम आणि माझी तयारी या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत शेजारी-शेजारी दिसल्याशिवाय निर्णय नीट घेता येत नाही, असे माझे मत होते आणि ते आजही कायम आहे.

या तक्त्यातला सर्वांत मोलाचा रकाना ‘निर्णयाची तारीख’ हा होता. अंतिम मुदतीतून २८ दिवस वजा करणारे सोपे सूत्र तिथे घातले होते. त्या तारखेला प्रत्येक शाळेसाठी तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची : परीक्षेचे गुण हातात आले आहेत का, दोन्ही शिफारसकर्त्यांनी लिहायला सुरुवात केली आहे का, आणि मुख्य निबंध फक्त हात फिरवण्यापुरता बाकी आहे का. तिन्ही उत्तरे ‘हो’ असली तर अर्ज त्याच फेरीत पाठवायचा. एक जरी ‘नाही’ असले तर ती शाळा तिथल्या तिथे पुढच्या फेरीत सरकवायची आणि मोकळा झालेला वेळ उरलेल्या शाळांना द्यायचा. नियम कडक आहे, पण त्यामुळे शेवटच्या आठवड्यात ‘पाठवू की थांबू’ ही घालमेल राहत नाही, आणि घाईघाईत लिहिलेला निबंध चांगल्या शाळेकडे जात नाही.

थांबण्यात नुकसान किती, हा प्रश्न साहजिक आहे. हार्वर्डच्या पूर्णवेळ एमबीएसाठी सप्टेंबरची आणि जानेवारीची अशा दोनच फेऱ्या असतात; स्टॅनफर्ड आणि व्हॉर्टन या अमेरिकी शाळांत वसंत ऋतूत तिसरीही असते. पहिल्या दोन फेऱ्यांपैकी जिच्यात अर्ज अधिक सकस होईल ती निवडा, असेच बहुतेक शाळा सांगतात. म्हणून माझ्या तक्त्यात ‘थांबलो तर काय बदलेल?’ असाही एक रकाना होता. सप्टेंबर ते जानेवारी या चार महिन्यांत परीक्षा पुन्हा देता येते, निबंध मुळापासून नव्याने लिहिता येतो, कामावर नुकतीच मिळालेली जबाबदारी दाखवण्याजोगी होते. नोकरीचा एकूण अनुभव किंवा पदवीचे गुण मात्र तेवढ्या काळात बदलत नाहीत. उणीव या दुसऱ्या प्रकारची असेल तर थांबून काहीही पदरात पडत नाही. अशा वेळी अर्ज पहिल्या फेरीतच गेलेला बरा.

जीमॅटच्या तारखा या तक्त्यात फार नेमकेपणाने बसल्या. दोन प्रयत्नांमध्ये किमान १६ दिवसांचे अंतर ठेवावे लागते. मुदत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात असेल तर निर्णयाची तारीख ऑगस्टच्या सुरुवातीला येते, आणि दुसऱ्या प्रयत्नाला जागा ठेवायची तर पहिली परीक्षा जुलैच्या मध्यापर्यंत उरकावी लागते. हे गणित मनात धरणे आणि रकान्यात लाल झालेले पाहणे यांत मोठा फरक आहे. गुणांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. नोव्हेंबर २०२३ पासून आलेल्या नव्या परीक्षेत गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर मिळतात, आणि नवे ६४५ हे पर्सेंटाइलच्या दृष्टीने जुन्या ७०० च्या आसपास येतात. जुन्या सल्ल्यांमधला ७०० चा आकडा नव्या पट्टीला लावून अनेक जण विनाकारण एक फेरी पुढे जातात. तक्त्यात गुणांबरोबर पर्सेंटाइलही लिहिले की हा गोंधळ होत नाही.

शिफारसपत्रांच्या बाबतीत शीटचा उपयोग झाला, पण तिच्या मर्यादाही तिथेच कळल्या. बहुतेक ठिकाणी शिफारसपत्राची मुदत आणि अर्जाची मुदत एकच असते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली मुदत कागदावर प्रशस्त दिसते. प्रत्यक्षात तिच्या आधीचे दिवस वर्षअखेरीच्या सुट्ट्यांचे आणि हिशेब बंद करण्याचे असतात. नेमक्या त्याच काळात वरिष्ठांना शांतपणे दोन-तीन पाने लिहायला बसवणे अवघड जाते. माझ्या एका वरिष्ठांनी नोव्हेंबरमध्येच स्पष्ट सांगितले, “डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नकोस, जे विचारायचे ते आत्ता विचार.” त्यानंतर मी त्यांच्यासाठी वेगळी ओळ केली आणि तिथे शाळेच्या मुदतीऐवजी त्यांनी दिलेली तारीख घातली. अर्जाची खरी मुदत बहुधा अशा, आपल्या हातात नसलेल्या माणसाच्या सवडीवर ठरते, आणि फेरी निवडताना सर्वांत आधी तिचाच विचार व्हायला हवा.

वेळेच्या फरकाबाबत शीट कमी पडते. हार्वर्डची मुदत बॉस्टनच्या घड्याळाप्रमाणे दुपारी १२ वाजता संपते, व्हॉर्टनची अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सायंकाळी ५ वाजता. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात. त्यामुळे घड्याळे न बदलणाऱ्या देशातल्या उमेदवाराला सप्टेंबरमधली ‘दुपारी १२’ आणि जानेवारीतली ‘दुपारी १२’ यांत एका तासाचा फरक पडतो. हे रूपांतर आपोआप करणारे तयार सूत्र शीटमध्ये नाही. साध्या तक्त्याकडून तारखेची आठवणही येत नाही. मी सर्व मुदती गूगल कॅलेंडरमध्ये त्या-त्या शहराच्या वेळेनुसार नोंदवल्या आणि हा प्रश्न सुटला.

हंगामाच्या मध्यावर दोन रकाने वाढवावे लागले : निकालाची तारीख आणि अनामत रक्कम भरण्याची तारीख. पहिल्या फेरीचे निकाल साधारण डिसेंबरमध्ये लागतात, दुसऱ्या फेरीचे मार्चच्या अखेरीस. पहिल्या फेरीत प्रवेश देणाऱ्या शाळेला पैसे भरून होकार कळवण्याची मुदत दुसऱ्या शाळांचे निकाल येण्यापूर्वीच संपू शकते. म्हणून ज्या दोन शाळांमधून निवड करावीशी वाटेल, त्या शक्यतो एकाच फेरीत ठेवाव्यात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या फुक्वा स्कूलमधील ‘अर्ली ॲक्शन’ फेरी तर बांधील स्वरूपाची आहे. तिथला प्रवेश स्वीकारायचा म्हणजे बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. अशा ओळीला मी गडद रंग दिला होता, कारण तिथे तयारीइतकीच मनाची खात्रीही लागते.

इनसियाड या मूळच्या फ्रान्समधल्या बिझनेस स्कूलसाठी मात्र हा तक्ता मोडून नवे पान करावे लागले. तिथे जानेवारी आणि ऑगस्ट असे दोन प्रवेश असून प्रत्येक प्रवेशासाठी अनेक फेऱ्या असतात, त्यामुळे एक मुदत हुकली म्हणून वर्ष वाया जात नाही. पण हे दोन प्रवेश एकसारखे नाहीत : जानेवारीत सुरू करणाऱ्यांना मध्ये उन्हाळी इंटर्नशिपला वाव मिळतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया बिझनेस स्कूलमध्ये नेमके उलट आहे. तिथे जानेवारीत प्रवेश घेणाऱ्यांना उन्हाळी इंटर्नशिप नसते, म्हणून क्षेत्र बदलू पाहणाऱ्याला ऑगस्टचा प्रवेश अधिक सोयीचा. केवळ मुदत जवळ आहे किंवा लांब आहे, यावरून अशा ठिकाणी निर्णय घेऊ नये.

तिसऱ्या फेरीचा रकाना मी रिकामाच ठेवला होता. तोवर बऱ्याच जागा आणि शिष्यवृत्त्या दिलेल्या असतात आणि व्हिसासाठी, कर्जासाठी मोजके आठवडे हाती उरतात. अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपर्यंत मिळू शकतो, ब्रिटनबाहेरून ब्रिटनच्या व्हिसासाठी सहा महिने आधी अर्ज करता येतो. या सवलतीचा फायदा लवकर निकाल लागलेल्यांनाच होतो. शाळा स्वतःही परदेशी उमेदवारांना पहिल्या दोन फेऱ्यांतच अर्ज करायला सुचवतात.

निबंध खरोखर तयार झाला आहे की नाही, हे शीट सांगू शकत नाही. ‘हो’ लिहिणारे आपणच असतो आणि मुदत जवळ आली की हात सैल सुटतो. म्हणून तो एक रकाना भरण्याचा अधिकार मी एका मैत्रिणीला दिला होता. ती निबंध वाचून, पदवीनंतर मी नेमके काय करणार आहे हे तिच्या शब्दांत सांगायची; तिला ते सांगता आले नाही तर उत्तर ‘नाही’. याच कारणाने माझ्या यादीतील दोन शाळा जानेवारीत गेल्या आणि त्यांपैकी एकीत प्रवेश मिळाला. त्याचे श्रेय तक्त्याला किती द्यावे हे ठरवता येणार नाही, पण सप्टेंबरमधला त्या निबंधाचा मसुदा पाठवण्याच्या योग्यतेचा नव्हता हे नक्की.

चार-पाच शाळांना अर्ज करणाऱ्या, नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्या उमेदवाराला मी ही पद्धत आग्रहाने सुचवेन. एक-दोनच शाळा असतील तर कॅलेंडर पुरेसे आहे. हाच तक्ता आता एका सहकाऱ्याला दिला आहे. देताना त्यात एकच बदल केला : शिफारसपत्रांसाठी २८ ऐवजी ४२ दिवस वजा होतात.