दुमजली हॅमस्टर पिंजरा, सात महिने वापरून: तारेची शिडी आधी काढा

पिंजरा असा: दोन मजले, तारेची शिडी, बाजूला प्लास्टिकची नळी. जानेवारीत २८०० ला घेतला. मागच्या महिन्यात जे झालं त्यामुळं आज लिहाय बसलोय.

रात्री दोनला बारीक किंचाळी ऐकू आली म्हणून उठलो तर आमचा हॅमस्टर गुंड्या शिडीला लटकलेला, मागचा पाय दोन तारांमधे अडकलेला आणि सुटायच्या धडपडीत आणखीच पिळत होता. पक्कडीनं तार वाकवून सोडवला. कोल्हापुरात म्हशी आणि कुत्री बघणारे डॉक्टर लई, हॅमस्टर म्हटल्यावर दोघं नको म्हणाले, तिसऱ्यांनी बघितला. हाड शाबूत होतं, पण पायाला सूज, आणि तळवे रोज तारेवर चालून लालभडक. ते मला आधी दिसलंच नव्हतं, त्याचं फार वाईट वाटतं.

ह्या प्राण्याची नजर अधू, किती उंचीवर आहे ह्याचा अंदाज त्याला येत नाही, आणि अशाला बोटभर फटींची जवळजवळ उभी शिडी देता? दुकानात गेलो तर वापरलेला माल परत घेत नाही म्हणाले. कंपनीला फोन लावला तर नवीन शिडी ३५० ला देतो म्हणे, तीच, तारेचीच! ३५० मधे त्याचं महिन्याचं खाणं येतं.

शेवटी महाद्वार रोडवरनं आईस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट आणलं, जाड पुठ्ठ्यावर मैद्याच्या खळीनं काड्या आडव्या चिकटवल्या (हा सगळं कुरतडतो म्हणून फेविकॉल टाळला), दोन्ही कडांना काडीचाच कठडा. १५ सेंमी उंचीला ४५ सेंमी लांब उतार ठेवलाय, नख बसतं आणि पाय अडकत नाही. ओला झाला की फेकायचा, दुसरा करायचा. पहिल्याच रात्री गालात दाणे भरून वर गेला, मी बघत बसलो होतो.

नळीचं मात्र मी सगळ्यांजवळ कौतुक केलेलं, ते आता मागं घेतो. पिल्लू होता तेव्हा झुकझुक गाडीसारखा पळायचा, पण गुंड्या सिरियन जातीचा, पूर्ण वाढलेला सिरियन हॅमस्टर गाल भरून तिच्यात वळूच शकत नाही, आणि पावसाळ्यात आत वाफ धरून मुताचा वास कोंडतो. काढून टाकली. पळायच्या चाकावर पण त्याची पाठ वाकायची, म्हणून २८ सेंमीचं आणलं.

आणि दुसरा मजला लागतोच असं मी समजत होतो, तेही चुकीचं निघालं. डॉक्टरांनी दोन आठवडे खालीच ठेवा म्हटलं, म्हणून वरचा मजला काढला, ट्रे उथळ असल्यानं आतनं पुठ्ठा उभा लावला आणि २० सेंमी कागदाचा भुसा भरला. दोन दिवसात त्यानं बीळ खणलं, आत झोपायची जागा वेगळी, दाणे साठवायची वेगळी. मूळचा हा सिरियातल्या अलेप्पोकडच्या शेतातला, १९३० मधे तिथनं धरून आणलेल्या थोड्याशा हॅमस्टरांपासनं पाळीव वंश वाढला, तो जमिनीखाली राहणारा जीव. आता मजला परत लावलाय पण गुंड्या वर फक्त खायला जातो, लगेच खाली येतो.

पिंजरा म्हणून जाळी मजबूत आहे, दार घट्ट बसतं, गंज अजून नाही. पण २८०० द्यायच्या आधी ट्रेची खोली मोजा, आणि घेतलाच तर शिडी पहिल्याच दिवशी काढा. माझी गच्चीवर दोडक्याच्या वेलाला लावलीय.