एक द्राक्ष हंगाम वापरल्यावर: स्पेक्ट्रालॉन टाइल आणि मर्क्युरी-आर्गॉन दिवा

आमच्याकडे द्राक्षाची पानं आणि मणी स्कॅन करायला ४०० ते १००० नॅनोमीटरचा लाइन-स्कॅन हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा आहे, म्हणजे एका वेळी एकच ओळ टिपणारा आणि प्रकाश शेकडो अरुंद पट्ट्यांत (बँडमध्ये) मोजणारा. कॅमेऱ्यावर लिहिणारे भरपूर आहेत, म्हणून मी लिहितोय त्याच्या कॅलिब्रेशनसाठी घेतलेल्या दोन वस्तूंवर. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत दोन्ही सतत वापरात होत्या. बजेट तोकडं असेल तर कमी बँडचा कॅमेरा घ्या, पण इथे काटकसर करू नका.

आधी टाइल, म्हणजे नमुन्याची उजळणी जिच्याशी ताडायची ती पांढरी फरशी. स्पेक्ट्रालॉन म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचंच पॉलिमर. आमच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यात ते ९९ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परतवतं, तोही सगळ्या दिशांना जवळपास सारखा. गणित सोपं: नमुन्यातून डार्क (लेन्स झाकून घेतलेलं, प्रकाशाविना येणारं रीडिंग) वजा, टाइलच्या स्कॅनमधून डार्क वजा, मग भागाकार. अडचणी गणिताबाहेर आहेत. टाइल मण्यांच्याच उंचीवर हवी. खाली ठेवली तर तिच्यावर प्रकाश कमी पडतो आणि मणी आहेत त्याहून उजळ दिसतात. एक्स्पोजर ठरवतानाही टाइल समोर ठेवूनच ठरवायचं, नाहीतर टाइलचं पांढरं सॅच्युरेट होतं, म्हणजे सेन्सरच्या मोजण्याच्या मर्यादेबाहेर जातं, आणि भागाकार निरर्थक ठरतो. बोटांचा तेलकटपणा आधी निळ्या टोकाला खातो. हॅलोजनचा प्रकाश तिथे मुळातच अशक्त, त्यामुळे ४५० च्या खालचे आकडे मी तरी जपूनच वापरतो. मळलेली टाइल वाहत्या पाण्याखाली बारीक वॉटर पेपरने घासली की पुन्हा पांढरी होते. एवढ्या महाग वस्तूला पॉलिश पेपर लावताना हात थरथरतो, पण निर्मात्यांचीच ती शिफारस आहे.

डार्क सकाळी एकदा घेऊन भागत नाही. सेन्सर तापला की डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये येणारा सिग्नल, झपाट्याने वाढतो. एसी बंद पडला त्या दुपारी ९०० च्या पुढचा आलेख खरवडल्यासारखा येत होता. नेमकं तिथेच, ९७० च्या आसपास, मण्यातलं पाणी प्रकाश शोषतं. कॅमेऱ्यासोबतचं सॉफ्टवेअर मात्र डार्कची एकच फाइल धरून बसतं, तापमान नोंदवत नाही. ही गोष्ट मला खटकते.

आता दिवा. कॅमेरा तरंगलांबी बरोबर दाखवतोय का, हे त्यावरून तपासतात. त्याच्या प्रकाशाच्या रेषा ठरलेल्या आहेत: पाऱ्याच्या ४३५.८ आणि ५४६.१, आर्गॉनच्या ६९६.५, ७६३.५, ८११.५. डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारी काच) लावून पूर्ण स्लिट, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश जिथून शिरतो ती अरुंद फट, उजळली की प्रत्येक रेषा मध्यभागी कुठे आणि कडांना कुठे पडते ते दिसतं. आमच्याकडे मध्य बरोबर होता, कडांना रेषा वाकत होती. यालाच 'स्माइल' म्हणतात, आणि कारखान्याच्या फाइलमध्ये तो धरलेलाच नव्हता. पानाचा आलेख ७०० च्या आसपास एवढा उभा चढतो की एक-दोन नॅनोमीटरच्या सरकण्यानेही कडेचं पान वेगळ्याच तब्येतीचं वाटतं. बागेत उन्हात स्कॅन करत असाल तर हवेतल्या ऑक्सिजनची ७६० जवळची खाच फुकटात तपासणीला मिळते. दिव्यातून अतिनील किरणंही येतात, तेव्हा ती अडवणारा चष्मा लावा.

एकाच खोलीत, त्याच मांडणीत पिकलेले आणि कच्चे मणी वेगळे करायचे असतील तर दिवा नंतर घेतला तरी चालेल. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या आकड्यांशी आपले जुळवायचे असतील तर तो पहिल्या ऑर्डरमध्येच मागवा.