पोर्ट वाइनच्या ग्रुपमध्ये नऊ महिने : वापरानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, मी वाइनमधला जाणकार वगैरे अजिबात नाही. नऊ महिन्यांपूर्वी पोर्ट ही पोर्तुगालची गोड, कडक वाइन म्हणजे खोकल्याच्या औषधाची श्रीमंत मावशी एवढंच माझं मत होतं. मग कोणीतरी विंटेज पोर्टची, म्हणजे एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची, एक बाटली भेट दिली, मी एका रविवारी एकट्यानेच उघडली, दोन छोटे ग्लास घेतले, डोळेच विस्फारले, आणि म्हणलं एवढी भारी चीज आहे तर पुरवून पुरवून पिऊ, म्हणून बूच परत दाबून बाटली कपाटात ठेवून दिली. दहा दिवसांनी काढली तर मेलेली. वास गायब, चव म्हणजे जॅमच्या रिकाम्या बरणीत पाणी घालून हलवल्यासारखी, आणि तळाशी साचलेला काळा गाळ शेवटच्या ग्लासात आला तो दाताखाली करकरला. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, अरे विंटेज उघडली की दोन-तीन दिवसांत संपवायची असते, आणि वीस टक्के अल्कोहोलची अख्खी बाटली तू एकट्याने दोन दिवसांत संपवलीस तर आधी तूच संपशील. आमच्याकडे ये, अकरा जण आहोत, तू बारावा.

ग्रुपमध्ये जायचं खरं कारण एवढंच, बाकीचं ज्ञान वगैरे नंतर आपोआप चिकटलं. साडेसातशे मिलीची बाटली बारा जणांत वाटली की माणशी साठेक मिली येतात, बाटली त्याच संध्याकाळी संपते, कोणी आडवं पडत नाही. हिशोबच असा आहे की ही वाइन माणसं जमवूनच प्यायला लागते.

पद्धत साधी. महिन्यातून एकदा, आळीपाळीने कोणाच्या तरी घरी, तीन बाटल्या, वर्गणी सगळ्यांची सारखी, ज्याचं घर त्याने बाटल्या निवडायच्या आणि बाकीच्यांनी ग्लास धुवायचे. तीन बाटल्या गुणिले बारा जण म्हणजे छत्तीस ग्लास, तेही पातळ देठाचे, हे आधी कोणी सांगत नाही. पहिल्या महिन्यात मी एक फोडला. कोणी काही बोललं नाही पण पुढच्या वेळेपासून माझ्या हातात फक्त पुसायचा कपडा दिला जातो.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की नाक वर करून बोलणारी मंडळी असतील. तर दार उघडलं ते साधारण पंचाहत्तरीच्या एका काकांनी, हातात वही, आणि बसायच्या आत प्रश्न, "ही गोड का लागते सांग बरं?" मी म्हणलं साखर घालत असतील. काका खूश झाले, म्हणजे चुकलो म्हणून खूश झाले कारण आता त्यांना समजावता येणार होतं. साखर घालत नाहीत. द्राक्षाचा रस आंबायला लागतो, यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करत असतं, आणि जवळजवळ निम्मी साखर शिल्लक असतानाच त्यात 77 टक्क्यांची द्राक्षाची स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, साखर तशीच राहते, अल्कोहोल 19 ते 22 टक्क्यांवर जाऊन थांबतं. जुनं प्रमाण म्हणजे 435 लिटर रसाला 115 लिटर स्पिरिट, मिळून 550 लिटर, आणि या मापाच्या लाकडी पिंपाला पोर्तुगीजमध्ये म्हणतात पिपा. "म्हणजे आपलं पिंप!" काका टेबलावर हात आपटून म्हणाले. आपण पाण्याचं पिंप म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांकडूनच आलाय. मला ही गोष्ट एवढी आवडली की त्या दिवशीच्या वाइन मला आठवत नाहीत, पिंप तेवढं आठवतंय.

सुरुवातीचे तीन महिने माझा नुसता गोंधळ होता. रूबी, टॉनी, एलबीव्ही (लेट बॉटल्ड विंटेज, विंटेजची साधी बहीण), विंटेज, क्रस्टेड, व्हाइट, रोझे, सगळंच पोर्ट. एका ताईंनी एकदा दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवून सोडवलं, एकात विंटेज आणि एकात वीस वर्षांची टॉनी, खाली पांढरा कागद. विंटेज अजून जांभळी-काळी, टॉनी विटेच्या रंगाची आणि कडेला मधासारखी पिवळी. म्हणाल्या, "हे बघ, एक बाटलीत म्हातारी होते आणि एक लाकडात, बाकी सगळी नावं याचीच पोटजात." विंटेज दोन-अडीच वर्षं लाकडात राहून बाटलीत जाते आणि मग बाटलीत वीस, तीस, चाळीस वर्षं झोपते. टॉनी सगळं आयुष्य पिंपात काढते, लाकडातून थोडी थोडी हवा लागत राहते, रंग उतरतो, फळाची चव जाऊन अक्रोड, सुकं अंजीर, संत्र्याची साल असलं काय काय येतं. आणि हवेची आधीच सवय झालेली असल्यामुळे उघडल्यावरही महिनाभर टिकते. हे आधी कळलं असतं तर भेट देणाऱ्याला सांगितलं असतं की बाबा रे एकट्या माणसाला टॉनी देत जा.

बूच बघूनही कळतं हे त्या दिवशी कळलं. वर प्लॅस्टिकची टोपी असलेलं, हाताने निघणारं बूच असेल तर ती बाटली तयार आहे, उभी ठेवायची आणि प्यायची. लांब आत ठोकलेलं, स्क्रू लावून काढायचं बूच असेल तर आडवी ठेवायची, गाळ धरणार. मी आता दुकानात लेबलाच्या आधी बूच बघतो. आणि जुनी टॉनी असेल तर मागच्या बाजूला बाटलीत कधी भरली ते वर्ष छापलेलं असतं, ते जितकं अलीकडचं तितकं बरं, कारण बाटलीत ती काही सुधारत नाही.

टॉनीवरचा 10, 20, 30, 40 हा आकडा मी इतके दिवस वय समजत होतो. तो वेगवेगळ्या वर्षांच्या मिश्रणाचा असतो आणि पोर्तुगालातलं वाइनचं सरकारी इन्स्टिट्यूट चाखून ठरवतं की ही वाइन वीस वर्षांची म्हणायच्या लायकीची आहे की नाही. एकाच वर्षाची, किमान सात वर्षं लाकडात ठेवलेली टॉनी असेल तर तिचं नाव वेगळं, आणि ते लेबलावर मी मोठ्याने वाचलं, "कोल्हेइता". काकांनी विचारलं कोल्ह्याचं काय? खरा उच्चार कोल्येता, अर्थ सुगी. पण आमच्यात तिला आता कायमचं कोल्हा म्हणतात. या महिन्यात कोल्हा आहे का, अशी विचारणा होते आणि नवीन माणूस घाबरतो.

आता माझा पराक्रम. पाचव्या महिन्यात बाटल्या आणायची पाळी माझी होती पण घरात पाहुणे म्हणून बैठक काकांकडे. मी 2003 ची एक विंटेज मिळवलेली, सॅकमध्ये टाकली, बस धरली, धावत जिना चढलो आणि ऐटीत टेबलावर ठेवली. काकांनी ती दिव्यासमोर धरली आणि काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, ढवळून आणलीस की रे." वीस वर्षं शांत बसलेला गाळ मी अर्ध्या तासात पूर्ण बाटलीभर केला होता. ती किमान एक दिवस आधी उभी करून ठेवायची, गाळ खाली बसू द्यायचा, मग मानेखाली उजेड धरून एका धारेत ओतायची आणि गाळाची पहिली रेघ खांद्याशी दिसली की थांबायचं, हे सगळं मला माहीत होतं, वाचलंही होतं, पण बसमध्ये सुचलं नाही. मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळली. चव बरी लागली पण धुरकट, आणि वहीत माझ्या नावापुढे लिहिलंय "ताक". ती नोंद अजून आहे.

त्याच्या उलट सातव्या महिन्यातला प्रसंग. एका सभासदाने वडिलांच्या कपाटातली 1977 ची बाटली आणली, दोन दिवस आधीच काकांकडे उभी करून ठेवलेली. एवढ्या जुन्या बुचाचा स्क्रू लावला की भुगा होतो, म्हणून काकांनी सांडशी काढली, म्हणजे सांडशीसारखीच लोखंडी, तोंडाला गोल कडं असलेली. ती गॅसवर लाल केली, बाटलीच्या मानेला बुचाच्या खाली धरली, मनात साठपर्यंत मोजलं, काढली आणि गार पाण्यात भिजवलेला कपडा मानेभोवती गुंडाळला. टिक्. एवढाच आवाज. मान बुचासकट हातात, काप इतका स्वच्छ की काच तासल्यासारखी. बारा जणांत कोणी श्वास घेत नव्हतं. (घरी करू नका, मी काकांना तीनदा विचारलं मला करू द्या, तीनदा नाही म्हणाले, बरोबरच आहे.) वाइनचा रंग आता फिका लाल, पहिल्या घोटाला नुसती जुन्या पुस्तकाची आणि वाळलेल्या गुलाबाची आठवण, आणि पंधरा मिनिटांनी त्यातून चेरी वर आली. ताई म्हणाल्या गप्प बसा जरा सगळे. बसलो.

ओतण्याचीही एक गंमत आहे. इंग्रजांच्या पद्धतीप्रमाणे डिकँटर, म्हणजे वाइन ओतून घेतलेला काचेचा चंबू, कायम डावीकडे सरकवायचा, खाली टेकू द्यायचा नाही, आणि कोणी गप्पांत रमून अडवून बसला तर त्याला "थांबलास का" म्हणायचं नाही, विचारायचं की नॉर्विचच्या बिशपना ओळखता का. पहिल्यांदा मला विचारलं तेव्हा मी खरंच "नाही हो, कोण?" म्हणलो. तो विनोद त्यांना पाच महिने पुरला.

तक्रारी आहेत, आहेतच. एक गृहस्थ विंटेजशिवाय कशाला पोर्टच मानत नाहीत, साधी रूबी आली की मोबाइल काढतात. मग एकदा ताईंनी ग्लासांना कागद गुंडाळून रंग झाकला आणि चार वाइन न सांगता दिल्या, त्यात याच साहेबांनी साध्या एलबीव्हीला सगळ्यात जास्त मार्क दिले. मीही वीसची टॉनी दहाची सांगितली, पण मी कधी गमजा मारल्या नव्हत्या. दुसरं, दर वेळी वहीत लिहायचंच असतं आणि "छान" लिहिलं तर काका परत देतात. सुरुवातीला शाळेत बसल्यासारखं वाटायचं, आता मागची पानं वाचली की माझंच नाक कसं बदललं ते दिसतं, मार्चमध्ये "गोड, लाल" आणि आता "काळी मिरी, शेवटाला तुरट". तिसरं म्हणजे डोकं. लिटरला शंभरेक ग्रॅम साखर आणि वर वीस टक्के अल्कोहोल, गोडव्यामुळे कळत नाही किती गेली. दुसऱ्या महिन्यात मी शिल्लक राहिलेली टॉनी उगाच संपवली, दुसरा अख्खा दिवस पडदे लावून. तेव्हापासून थुंकायचा कप घेतो, लाज वाटत नाही, निम्मे लोक घेतात. आणि बैठकीला कोणीही स्वतःची गाडी आणत नाही, हा नियम काकांनी पहिल्या दिवशीच सांगितलेला.

यांच्यामुळे मी नकाशाही बघायला लागलो. पोर्ट म्हणजे फक्त उत्तर पोर्तुगालच्या डोउरो खोऱ्यातली, 1756 मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोम्बाल (मार्क्विस तो नंतर झाला) याने त्या भागाच्या हद्दी ठरवल्या, पुढच्या काही वर्षांत दगड रोवले गेले, त्यातले काही अजून उभे आहेत. उतार इतके चढे की शिस्टचा खडक फोडून पायऱ्या केल्यात आणि द्राक्षं अजूनही बहुतेक हातानेच तोडतात. पूर्वी पिंपं सपाट बुडाच्या होड्यांतून नदीने खाली पोर्तो शहरासमोरच्या गाया गावात यायची, समुद्राजवळ हवा गार, तिथे वाइन शांतपणे म्हातारी व्हायची. ग्रुपमधले चौघं एकदा जाऊन आलेत, दगडी हौदात मांडीपर्यंत द्राक्षात उभं राहून तुडवलंय त्यांनी. फोटोत पाय आठवडाभर जांभळे. मला प्रचंड हेवा वाटतो.

घ्यावं का कोणी असं सभासदत्व? तुम्हाला शांतपणे एकट्याने पुस्तक वाचत ग्लास घ्यायचा असेल तर एक दहा वर्षांची टॉनी आणा, थोडी गार करा, ग्रुपची काही गरज नाही. पण विंटेज चाखायची असेल तर माणसं शोधा, आठ-दहा पुरेत, आणि त्यात एक तरी वही ठेवणारं हवं.

मागच्या महिन्यात आम्ही वर्गणीतून 2017 ची एक विंटेज घेतली आणि काकांच्या कपाटात आडवी ठेवली, पांढऱ्या रंगाची खूण वर करून, म्हणजे गाळ कुठल्या बाजूला बसलाय ते उघडताना कळेल. 2037 ला उघडायची असं वहीत लिहिलंय, खाली बाराही सह्या. सही करताना काका म्हणाले, "तेव्हा मी असलो तर नव्वदीच्या आसपास असेन. नसलो तर माझा वाटा डावीकडच्याला द्या."

त्यांच्या डावीकडे मी बसतो.